दुःखाचे परवाने

प्रस्तावना

गोव्यातल्या दहा सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत काही वर्षांपूर्वी ‘संगाथ’ या संस्थेने दोन अभ्यास केले. एक तीव्र नैराश्यावरचा, दुसरा घातक प्रमाणात दारू पिणाऱ्यांवरचा. दोन्हींत उपचार करणारे मानसोपचाराची पदवी नसलेले, खास प्रशिक्षण देऊन तयार केलेले स्थानिक समुपदेशक होते. २०१७ साली दोन्हींचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याचा अभ्यास स्त्री-पुरुष दोघांसाठी खुला होता, पण त्यात आल्या त्या बहुतांशी बायका. दारूच्या अभ्यासात फक्त पुरुष घेतले होते, कारण पीत असल्याचं सांगणाऱ्या बायका आपल्याकडे फार थोड्या.

अशा एखाद्या केंद्राबाहेरच्या बाकावर एकाच घरातले नवरा-बायको बसले आहेत असं समजू. त्यांच्या घरात मूल दगावलं असेल, कर्ज थकलं असेल, दोघांपैकी कुणाचं बालपण मार खाण्यात गेलं असेल. आत गेल्यावर नवऱ्याच्या कागदावर ‘दारू’ लिहिलं जाईल आणि बायकोच्या कागदावर ‘झोप नाही, अंग दुखतं, रडू येतं’. दोन कागद दोन खोल्यांत जातील. ते एकाच घरातून आले आहेत हे सहसा कुणाच्या ध्यानात येणार नाही. आघात, भावना सांभाळण्याच्या रीती आणि दारू या तीन गोष्टींत बाई आणि पुरुष यांच्या वाटा कुठे फुटतात आणि कुठे परत एकत्र येतात, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आधी आकडे पाहू, कारण पहिला गैरसमज त्यांतूनच होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १९ टक्क्यांनी दारू पितो असं सांगितलं. बायकांत हे प्रमाण जेमतेम १ टक्का निघालं. महाराष्ट्रात पुरुष १४ टक्क्यांच्या आसपास आणि बायका अर्ध्या टक्क्याहून कमी, तर गोव्यात पुरुष ३७ टक्के आणि बायका साडेपाच टक्के. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पिणाऱ्या एका बाईमागे सतरा पुरुष निघाले. ‘निम्हान्स’च्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूचे विकार पुरुषांत ९ टक्के आणि बायकांत अर्धा टक्का होते. नैराश्य मात्र बायकांत जास्त. आणखी एक आकडा याच्या शेजारी ठेवायला हवा. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांतले दर दहांपैकी सात पुरुष होते.

हे वाचून ‘दारू पुरुषांची, नैराश्य बायकांचं’ असं म्हणून मोकळं होण्याचा मोह होतो. पण नैराश्य बायकांत जास्त असेल तर आत्महत्या पुरुषांत एवढ्या जास्त कशा? याचं एक उत्तर असं, की पुरुषाचं दुःख दुःखाच्या रकान्यात नोंदलंच जात नाही. ते दारूच्या, मारामारीच्या, अपघाताच्या रकान्यात जातं आणि कधी कधी थेट शवविच्छेदनाच्या कागदावर उमटतं. तसंच बाईचं पिणं. ते मोजणाऱ्यासमोर कबूलच होत नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो. दुःख बाहेर काढायलाही समाजाचे असेच न लिहिलेले परवाने आहेत. ते कुणाला कशाचे मिळाले, हे कळल्याखेरीज वरच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

आघाताचा वैद्यकीय इतिहास पाहिला तरी हेच दिसतं. १९७०च्या दशकात अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेले सैनिक रात्री दचकून उठत होते, फटाक्याच्या आवाजाने जमिनीवर लोळण घेत होते आणि पीत होते. त्याच काळात बोस्टनमध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम बलात्कारानंतर रुग्णालयात आलेल्या बायकांशी बोलत होत्या. १९७४ साली त्यांनी मांडलेली लक्षणं सैनिकांच्या लक्षणांशी विलक्षण जुळणारी होती. १९८०मध्ये ‘पीटीएसडी’, म्हणजे आघातानंतर जडणारा तणावविकार, अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आला तो मुख्यतः सैनिकांच्या रेट्यामुळे. रणांगणावरचा पुरुष आणि स्वतःच्या घरात मार खाणारी बाई एकाच आजाराने ग्रासलेली असू शकतात, हे ज्युडिथ हर्मन यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडलं. एका आघाताला पदकं मिळाली होती आणि दुसऱ्याला ‘घरातली गोष्ट घरात’ ठेवण्याचा सल्ला.

१९९५मध्ये रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यात एकदा तरी भयंकर आघात झाल्याचं ६१ टक्के पुरुषांनी आणि ५१ टक्के बायकांनी सांगितलं. पीटीएसडी मात्र पुरुषांत ५ टक्के आणि बायकांत १० टक्के. म्हणजे घाव पुरुषांवर अधिक आणि आजार बायकांत दुप्पट. यामागचं एक कारण आघाताच्या जातीत आहे. अपघात, मारामारी, युद्ध, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू हे पुरुषांच्या वाट्याला जास्त येतं. लैंगिक अत्याचार बायकांच्या वाट्याला जास्त येतो आणि तो करणारा बहुधा ओळखीचा, बरेचदा नात्यातला असतो. अपघाताची जागा टाळता येते. ज्या घरात रोज स्वयंपाक करायचा ते घर कसं टाळणार? पण २००६मध्ये टॉलिन आणि फोआ यांनी पंचवीस वर्षांचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा एकाच जातीच्या आघाताची तुलना करूनही हा फरक पुरता मिटला नाही. शरीराची घडण, लहानपणापासूनचं वळण आणि घटनेनंतर आपल्यावर कुणी विश्वास ठेवला का, या सगळ्यांचा त्यात वाटा असणार.

इथे मुलग्यांविषयी थांबून बोलायला हवं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. हा आकडा अजूनही आपल्या पचनी पडलेला नाही. मुलीवर अत्याचार झाला तर घर हादरतं, मग ते बहुधा प्रकरण दाबतं. मुलग्यावर होऊ शकतो हे घराला सुचतही नाही. वीस वर्षांनी तो गुत्त्यावर बसलेला दिसतो तेव्हा लोक ‘संगत वाईट’ म्हणतात. १९९८मध्ये व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अंडा यांनी कॅलिफोर्नियातल्या हजारो प्रौढांच्या बालपणाची माहिती घेऊन दाखवलं, की छळ, हेळसांड, घरातली मारहाण, व्यसनी पालक अशा चार किंवा अधिक प्रतिकूल अनुभवांतून गेलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट असतो.

तरी प्रत्येक आघात आजारात बदलत नाही आणि प्रत्येक आजारी माणूस बाटलीकडे वळत नाही. मधला दुवा आहे भावना सांभाळण्याचा. किम ग्रॅट्झ आणि लिझाबेथ रोमर यांनी २००४मध्ये या क्षमतेची एक प्रश्नावली तयार केली. त्यातल्या सहा बाजू साध्या भाषेत सांगता येतात. मनात काही चाललंय याकडे लक्ष जाणं. ते नेमकं काय हे ओळखणं. त्याबद्दल स्वतःला दोषी न मानणं. ऊर्मी आली तरी हात न उचलणं. मन अस्वस्थ असूनही हातातलं काम करू शकणं. आणि यातून बाहेर पडता येईल असा विश्वास असणं. यातलं बरंचसं माणूस घरात शिकतो आणि आपल्या घरांत मुलगा आणि मुलगी यांना वेगवेगळे धडे मिळतात. ‘पोरीसारखा काय रडतोस’ हे मुलाने पाचव्या वर्षाआधीच ऐकलेलं असतं. मुलीला रडायची मुभा असते, पण आवाज चढवला की ‘सासरी कसं व्हायचं हिचं’. म्हणजे त्याला रागाचा परवाना आणि तिला अश्रूंचा. भीती आणि लाज यांचा परवाना त्याला मिळत नाही आणि संतापाचा तिला.

जेम्स ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांच्या २००३च्या अभ्यासात पुरुष भावना दाबून ठेवण्याचा मार्ग बायकांपेक्षा जास्त वापरतात असं दिसलं. दाबलेली भावना चेहऱ्यावरून जाते, पण शरीरातला ताण तसाच राहतो. बायकांच्या बाजूचं काम सुझन नोलेन-होक्सेमा यांचं. त्या स्टॅनफर्डमध्ये होत्या आणि विद्यार्थ्यांकडून, मन उदास झालं की तुम्ही काय करता, याच्या प्रश्नावल्या भरून घेत होत्या. दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात लोमा प्रिएताचा भूकंप झाला. भूकंपाआधीची नोंद हाताशी असणं हा संशोधनातला दुर्मीळ योग. झालेलं दुःख मनात घोळवत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात नंतर नैराश्य आणि आघाताची लक्षणं अधिक दिसली. ही सवय बायकांत जास्त असते असं त्यांच्या पुढच्या कामातून पुढे आलं. पण त्यांचाच २०१२चा आढावा दुसरी बाजूही सांगतो. बायका भावना हाताळण्याचे जवळजवळ सगळेच मार्ग पुरुषांपेक्षा जास्त वापरतात, वाईट तसे चांगलेही. मैत्रिणीशी बोलणं, आधार मागणं, घटनेकडे वेगळ्या नजरेने पाहणं हेही त्यात आलं. पुरुषाकडे मार्गच थोडे आणि त्या थोड्यांतला एक म्हणजे ग्लास.

एडवर्ड खान्झियन यांनी १९८५मध्ये मांडलं, की व्यसनी माणूस नशेइतकाच उताऱ्याच्या शोधात असतो. पदार्थ हे त्याचं स्वतःच स्वतःला दिलेलं औषध असतं. दारूच्या बाबतीत हे शरीरातही दिसतं. सतत सावध राहून थकलेल्या मेंदूला ती काही मिनिटांत सैल करते आणि डोळा लागतो. पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप मोडते, स्वप्नं परत येतात, सकाळी धडधड आदल्या दिवसापेक्षा वाढलेली असते आणि संध्याकाळी तोच उतारा परत लागतो. सुटका लगेच आणि किंमत उशिरा, म्हणून मेंदू सुटका लक्षात ठेवतो आणि किंमत विसरतो. ‘एकच प्याला’ या नाटकातल्या सुधाकराकडे या नजरेने पाहावं. वकिलीची सनद जाते, अपमान सहन होत नाही, तो बोलण्याची रीत त्याला ठाऊक नसते आणि तळीराम ती जागा ओळखून प्याला पुढे करतो. त्याच्या बायकोकडे, सिंधूकडे, कुठलाच प्याला नाही. ती सोसते, दळणं दळते आणि गेली शंभर वर्षं आपण तिच्या सोसण्याला टाळ्या वाजवत आलो. तिच्या सोसण्याला आपण सद्गुण म्हटलं, त्यामुळे तोही एक आजार असू शकतो हे पाहायचं राहून गेलं.

मग बाईचा आघात जातो कुठे? बऱ्याच वेळा शरीरात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास करून २००५मध्ये दाखवलं, की अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणांशी अधिक घट्ट होतं. काहींचा आघात मशेरीत जातो. ती व्यसनातही कुणी धरत नाही. काहींचा झोपेच्या आणि डोकेदुखीच्या गोळ्यांत. घरात आवाज न चढवणारी बाई देवळात अंगात आल्यावर ओरडते आणि तिथे तिचं ऐकलं जातं.

काहींचा दारूतही जातोच. केसलर यांच्याच पाहणीत पीटीएसडी असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांना दारूचा विकार होता आणि बायकांपैकी २८ टक्क्यांना. बायकांच्या पिण्याला थोडी सामाजिक मोकळीक आहे अशा देशातला हा आकडा आहे. मोकळीक वाढली की बाईच्या दुःखालाही बाटली सापडते, असा त्याचा अर्थ. आपल्या शहरांत ती वाढते आहे. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने रक्तातली मात्रा जास्त चढते, यकृत लवकर बिघडतं आणि पहिल्या घोटापासून आसक्तीपर्यंतचा प्रवास अनेकदा कमी वर्षांत होतो. ती एकटीने, दार लावून पिते. पुरुष पडला तर चार मित्र उचलून घरी आणतात. बाई पडली तर तिची मुलं कुणाकडे ठेवायची याची चर्चा सुरू होते. म्हणून ती उपचाराला फार उशिरा येते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने बायकांसाठी ‘निशिगंध’ हे वेगळं केंद्र काढलं, ते याच गरजेतून.

सर्वांत मोठा दुवा मात्र वेगळाच आहे. पुरुषाची दारू हाच बाईचा आघात होतो. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, नवरा वारंवार झिंगतो अशा बायकांपैकी ७० टक्क्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. नवरा पीत नाही अशा बायकांत हे प्रमाण २३ टक्के होतं. हा दुसरा आकडाही लहान नाही. सगळा दोष बाटलीवर ढकलणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. आणि दाराआडून हे सगळं पाहणारं मूल मोठं होऊन बापाची किंवा आईची रीत उचलतं. अशा रीतीने दोन वाटा पुढच्या पिढीत एकमेकींना येऊन मिळतात.

महाराष्ट्रातल्या बायकांनी याचं उत्तर आपल्या परीने दिलं आहे. गडचिरोलीची १९९३ची आणि चंद्रपूरची २०१५ची दारूबंदी बायकांच्या चळवळीच्या बळावर आली. चंद्रपूरची २०२१मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी मतदानात ‘दुकान बंद’ या अर्थाच्या आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकानं बंद पाडली. बंदी असावी की नसावी हा वाद या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा आहे. एवढं खरं, की दुकान बंद झाल्याने मार थांबू शकतो, पण मारणाऱ्याच्या मनातलं जे पेटलेलं असतं ते दुकानाबरोबर बंद होत नाही.

उपचाराचं चित्र दुहेरी आहे. ‘एम्स’च्या पाहणीनुसार दारूची आसक्ती असलेल्या ३८ जणांतल्या एकालाच काही उपचार मिळाला. पण जिथे मिळतो तिथे तो गुण देतो. गोव्याच्या त्या दारूच्या अभ्यासात एक ते चार बैठकांच्या समुपदेशनाने तीन महिन्यांनी ३६ टक्के पुरुष घातक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानण्याचा आणि त्याच्या घराला उपचारात ओढण्याचा पायंडा मराठी मुलखात पाडला. पूर्वी ‘आधी दारू सोड, मग बाकीचं बघू’ अशी शिस्त असे. आता आघात आणि दारू या दोन्हींवर एकत्र काम करण्याकडे कल आहे. लिसा नजाविट्स यांची ‘सीकिंग सेफ्टी’ ही उपचारपद्धती सुरुवातीला आघात आणि व्यसन दोन्ही असलेल्या बायकांसाठीच आकाराला आली, मग पुरुषांसाठीही वापरली गेली. घडलेलं उकरण्याआधी आजचा दिवस सुरक्षित करा, हे तिचं सूत्र.

वाचकाने दोन पथ्यं पाळावीत. पहिलं म्हणजे, इथले फरक सरासरीचे आहेत. मनात घोळवत बसणारे पुरुष आहेत, रागाने हात उचलणाऱ्या बायका आहेत आणि तृतीयपंथी व्यक्तींच्या वाट्याला तर दोन्हीकडचे आघात येतात. सरासरी माणसावर लादू नये. दुसरं म्हणजे, समजून घेणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. पिणाऱ्याचं बालपण कितीही जळलेलं असो, बायको-मुलांवर उचललेल्या हाताची जबाबदारी त्याचीच. आणि ‘त्याला समजून घे’ हा सल्ला मार खाणाऱ्या बाईला द्यायचा नसतो. तिची सुरक्षितता आधी.

हे पुस्तक आशा कार्यकर्त्या, शिक्षक, समुपदेशक, सामान्य डॉक्टर आणि ज्यांच्या घरात हे चालू आहे अशा माणसांसाठी आहे. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. पण वाचून झाल्यावर एक सवय मात्र लावून घ्यावी. पिणारा पुरुष समोर आला की ‘किती पितोस’ याच्या जोडीला ‘तुझ्या बाबतीत काय घडलं होतं’ हे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. रडणारी, अंग दुखणारी बाई समोर आली की ‘घरात काय चाललंय’ याच्या जोडीला ‘झोप यावी म्हणून काही घेता का’ हे विचारा, चेहऱ्यावर आठी न आणता. आपण त्याला दारूबद्दल आणि तिला दुःखाबद्दल विचारत आलो. आता दोघांना दोन्ही विचारायला हवं. मदतीसाठी ‘टेली-मानस’चा १४४१६, व्यसनमुक्तीचा १४४४६ आणि संकटातल्या बायकांसाठी १८१ हे सरकारी क्रमांक आहेत. ते आज लिहून ठेवा आणि गरज असलेल्या माणसाला स्वतः लावून द्या.